विश्लेषण : बंद घर भाड्याने देण्याजोगे करताना पैसा आधी कुठे घालावा? काटकसर कुठे महागात पडते?

वडिलोपार्जित घराला कुलूप लावून ठेवले की खर्च वाचतो, असा अनेकांचा समज असतो. पगारातून थोडे थोडे बाजूला काढून असे घर भाड्याने देण्याजोगे करता येते का? दुरुस्तीचा क्रम काय असावा, कर्ज काढावे का आणि भाडेकरू ठेवताना कायदा काय सांगतो?

तालुक्याच्या गावातले घर बंद आहे. मुले पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत. दिवाळीत किंवा मे महिन्यात दोन दिवस कुलूप निघते, झाडलोट होते, भिंतीतली ओल यंदा वीतभर वर चढल्याचे दिसते आणि पुन्हा कुलूप लागते. ‘भाड्याने देऊ’ हा विषय दरवर्षी निघतो आणि ‘आधी दोन-तीन लाख घालावे लागतील’ या वाक्यावर थांबतो. हे दोन-तीन लाख खरोखरच लागतात का, हा पहिला प्रश्न. त्यातले कोणते आधी लागतात, हा त्याहून महत्त्वाचा.

अशी घरे बंद का राहतात?

पैशाची अडचण हे एक कारण, पण सर्वात जुने कारण आहे भीती. ‘भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या घराघरांत ऐकू येते आणि ते हवेतून आलेले नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या आसपासच्या पातळीवर गोठवली. भाडे वाढत नाही, दुरुस्ती परवडत नाही आणि ताबाही मिळत नाही, अशा कात्रीत मालक सापडले. त्यातून सुटण्यासाठी काहींनी भाडेपट्ट्याऐवजी ‘परवाना’ देण्याची वाट धरली, तर १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. त्या पिढीने यातून धडा घेतला तो कुलूप लावण्याचा.

मात्र कायदा नंतर बदलला. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे आणि त्यात लिव्ह अँड लायसन्सने दिलेले घर मुदत संपल्यावर परत मिळवण्याची स्वतंत्र, तुलनेने जलद व्यवस्था आहे. आजोबांची भीती त्यांच्या काळात रास्त होती. आज त्याच भीतीपोटी घर वाळवीच्या हवाली करण्यात अर्थ नाही.

प्रश्न किती मोठा आहे? केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने जनगणनेच्या आधारे दिलेल्या माहितीनुसार देशाच्या शहरी भागातील सुमारे १२ टक्के घरे रिकामी होती. रिकाम्या घरांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात, २० लाखांहून अधिक, आणि त्यातील सुमारे ४.८ लाख एकट्या मुंबईत होती. एकीकडे ही घरे, दुसरीकडे बदली होऊन आलेले बँक कर्मचारी, शिक्षक, परिचारिका, एमआयडीसीतले कामगार ‘दोन खोल्या मिळतील का’ म्हणून विचारत फिरत असतात.

घर बंद ठेवणे खरोखर फुकट असते का?

घरपट्टी आणि पाणीपट्टी थांबत नाही. विजेचे एकही युनिट जळले नाही तरी बिलात स्थिर आकार येतोच. बिल थकले तर जोडणी कायमची खंडित होते आणि नवी घेताना जुनी थकबाकी समोर उभी राहते. पण खरा खर्च दिसत नाही तो असा : राहत्या घरात गळणारे कौल त्याच पावसात बदलले जाते, बंद घरात तेच कौल चार महिने गळते. त्याखालचा वासा कुजतो आणि पुढच्या वर्षी कौलाऐवजी छपराचे काम निघते.

यात बुडालेले भाडे धरायला हवे. समजा, तालुक्याच्या गावात दोन खोल्या-स्वयंपाकघराला महिना ६,००० रुपये भाडे येऊ शकते. वर्षाचे ७२,०००. एखादा महिना घर रिकामे राहील असे धरले तर ६६,००० आणि घरपट्टी, किरकोळ दुरुस्ती यांचे १०,००० वजा केले तर हातात ५६,००० रुपये. (हे आणि पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत, आपल्या गावचे भाडे व मजुरी घालून गणित पुन्हा करावे.)

कामाला हात लावण्यापूर्वी काय पाहावे?

घर कोणाचे आहे, हे. ऐकायला सोपे वाटते, पण घर आजोबांच्या नावावर आणि वारस सात, असे चित्र सर्रास दिसते. एका भावाने पदरचे दोन लाख घालायचे, घर उभे राहिल्यावर बाकीच्यांना हिस्सा आठवायचा आणि दुरुस्तीचा हिशेब कोणी मानायचा नाही. अशी भांडणे दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे चालतात. म्हणून वारसनोंद आधी करून घ्यावी. शहरात मालमत्ता पत्रक आणि गावात सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढून पाहावा. नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, केवळ त्यावरून मालकी सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवावे. इतर वारसांची लेखी संमती घ्यावी आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात : खर्च कोण करणार, भाड्यातून तो आधी वसूल होणार का आणि त्यानंतर भाडे कसे वाटले जाणार. भावाभावांत कसला कागद, असे म्हणणाऱ्या घरातच त्याची गरज जास्त असते.

दुरुस्तीची सुरुवात कुठून?

पाण्यापासून. छपरातून येणारे, भिंतीतून चढणारे आणि नळातून झिरपणारे, अशी तिन्ही पाणी आधी बंद व्हायला हवीत. नवा रंग लावून ओल झाकली तर पहिल्या पावसात पापुद्रे सुटतात आणि रंगाचे पैसे भिंतीसकट गळून पडतात.

घर कौलारू असेल तर एप्रिल-मे मध्ये शाकारणी करावी. फुटकी कौले बदलताना वासे आणि आढे ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला किंवा स्क्रू ड्रायव्हर सहज आत गेला, तर लाकूड वाळवीने किंवा कुजण्याने गेले आहे. सगळे छप्पर उतरवण्याची गरज नसते, अनेकदा चार-पाच वासे बदलून भागते. ‘कौले काढून पत्रा टाका, कटकट मिटेल’ हा सल्ला हमखास मिळतो. पत्र्याचा खर्च एकरकमी असतो आणि उन्हाळ्यात खोली तापते. भाडेकरू मे महिन्यात घर सोडून गेला तर ती बचत फिटते.

स्लॅबचे घर असेल तर गच्चीवर बादलीभर पाणी ओतून ते कुठे साचते ते पाहावे. बहुतेक गळती गच्चीच्या मधून नसते. ती कठड्याची भिंत आणि गच्ची मिळते त्या कोपऱ्यातून आणि पावसाळी पाइपच्या तोंडाशी असते. तिथली माती-पाने काढून कोपरे नीट भरले, भेगा बुजवल्या आणि पाण्याला उतार मिळाला तर पूर्ण गच्चीला नवा कोबा करण्याची वेळ टळू शकते. आतून छताचे प्लास्टर फुगले असेल तर मामला वेगळा आहे. लोखंडी सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटला बाहेर ढकलते. अशा जागी नुसते प्लास्टर मारणे म्हणजे जखमेवर पावडर लावणे. सैल भाग काढून, सळईचा गंज घासून, गंजरोधक लेप देऊन मग भराव करावा लागतो. तुळईला किंवा खांबाला भेगा असतील तर मिस्त्रीच्या अंदाजावर न जाता स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवावे. महापालिका हद्दीत ३० वर्षांवरील इमारतींसाठी संरचनात्मक तपासणीची कायद्यात तरतूदच आहे. इथे वाचवलेली फी ही काटकसर नाही.

जुन्या दगड-मातीच्या किंवा चुन्यातल्या भिंतींबाबत एक चूक गावोगाव दिसते. जोत्यातून ओल चढते, भिंतीला लोणा लागतो, तो दिसू नये म्हणून खालून चार फूट सिमेंटचे प्लास्टर मारले जाते. जुनी भिंत जमिनीतले पाणी शोषते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते हवेत सोडते. सिमेंटने ही वाट बंद झाली की ओल पाच-सहा फुटांवर निघते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. खराब गिलावा खरवडून भिंत उन्हाळाभर सुकू द्यावी, बाहेरच्या बाजूला चढलेली माती जोत्याखाली उतरवावी, छपराचे पाणी भिंतीपासून लांब काढावे आणि परत चुन्याचाच गिलावा करावा. चुन्यात काम करणारे गवंडी कमी झाले आहेत, पण जुन्या वाड्यांच्या गावांत शोधले तर मिळतात. कोकणात चिऱ्याच्या भिंतींनाही हाच विचार लागू पडतो.

पाण्यानंतर काय?

वीज आणि शौचालय. या दोन्हीत पैसे वाचवायचे नाहीत.

लाकडी पट्टीवरचे चाळीस वर्षांपूर्वीचे वायरिंग दोन बल्ब आणि एका पंख्यासाठी होते. आजचा भाडेकरू गिझर, मिक्सर, फ्रिज, इस्त्री घेऊन येतो. वायर तापते, आवरण ठिसूळ होते. शिवाय जुन्या घरांत अर्थिंग एकतर नसते किंवा कोरडे पडलेले असते. दिव्यांसाठी दीड, प्लगसाठी अडीच आणि गिझरसाठी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, नवे अर्थिंग आणि मुख्य फलकावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी एवढे परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. विजेची गळती झाल्यास हा आरसीसीबी क्षणात प्रवाह तोडतो. ओल्या भिंतीला हात लावणाऱ्या पोराचा जीव त्यावर अवलंबून असतो. भाडेकरूसाठी महावितरणचे स्वतंत्र मीटर मिळाले तर उत्तम, बिलावरून दर महिन्याचा वाद टळतो.

शौचालय अंगणात असेल तर कुटुंब असलेला भाडेकरू घर पाहून परत जातो. आतल्या एखाद्या कोपऱ्यात न्हाणीघर-शौचालय बसवायचे तर आधी मैलापाण्याचा पाइप कुठे जाणार, त्याला उतार मिळतो का आणि सेप्टिक टँक कधी उपसला होता, हे पाहावे. फरशी नंतर निवडता येते.

वाळवीचे काय, असे विचाराल. ओल आटोक्यात आणल्यावर भिंत आणि जमिनीच्या सांध्यात भोके पाडून औषध सोडणारे लोक बोलवावेत. ओल असताना केलेली फवारणी फार टिकत नाही.

मग काटकसर कुठे करायची?

दिसण्यात. प्रत्येक खर्चाला एकच प्रश्न विचारावा : यामुळे भाडे किती वाढेल आणि ते किती महिन्यांत फिटेल? वरच्या उदाहरणात छप्पर, ओल, वायरिंग, शौचालय आणि साधा रंग यांना १ लाख ८० हजार लागले असे समजू. वर्षाला ५६,००० हातात पडत असतील तर हा खर्च सव्वातीन वर्षांत निघतो. आता त्यात व्हिट्रिफाइड टाइल्स, मॉड्युलर किचन आणि पीओपीचे आणखी १ लाख २० हजार घातले. गावात त्यामुळे भाडे महिना ५०० रुपयांनी वाढले, तर हे वरचे पैसे निघायला २० वर्षे लागतील. तोवर मॉड्युलर किचनचे दरवाजे राहिलेले नसतात.

शहाबादी फरशी असेल तर ती राहू द्यावी. निखळलेल्या फरश्या पुन्हा बसवून सांधे भरले की ती आणखी एक पिढी जाते. कडाप्प्याचा ओटा भाडेकरूला चालतो. जुने वाडे पाडणाऱ्यांकडे सागवानी दारे-खिडक्या मिळतात, त्या नव्या प्लायवुडच्या दारापेक्षा टिकाऊ असतात. खरवडणे, राडारोडा उचलणे, रंगाचा हात मारणे ही कामे घरच्यांनी केली तर बिगारीचे पैसे वाचतात. साहित्य स्वतः आणून गवंड्याला फक्त मजुरीवर काम दिले तर हिशेब हातात राहतो. मात्र त्यासाठी कोणीतरी तिथे हजर हवे. शनिवार-रविवार गावी जाऊन काम करून घेऊ, असे ठरवणाऱ्यांना ‘उद्या येतो’ म्हणणारा मिस्त्री सोमवारी भेटतो. पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे द्यावेत आणि शेवटचा हप्ता पहिल्या पावसानंतर, हे आधीच बोलून ठेवावे.

कर्ज काढावे का?

तीन लाखांचे वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर मासिक हप्ता सुमारे ६,९८० रुपये बसतो. भाडे ६,०००. म्हणजे घर भाड्याने देऊनही दर महिन्याला पदरचे हजार रुपये आणि एखादा महिना घर रिकामे राहिले तर पूर्ण हप्ता. हे गणित न करता कर्ज काढणारे पुष्कळ आहेत.

पण नुसते साठवत बसण्यालाही किंमत असते. शेवटचे ५०,००० रुपये जमवायला सहा महिने लागणार असतील तर तेवढ्यात ३६,००० रुपयांचे भाडे बुडते. तेच ५०,००० वर्षभरासाठी १४ टक्क्यांनी घेतले तर व्याज सुमारे ३,९०० रुपये होते. इथे छोटे, लवकर फिटणारे कर्ज स्वस्त पडते. काम अर्धे असताना घेतलेले मोठे कर्ज आणि काम संपत आल्यावर घेतलेले छोटे कर्ज यांत हा फरक आहे. भाडेकरूच्या अनामत रकमेतून दुरुस्ती भागवण्याचा मोह मात्र टाळावा. ती परत द्यायची असते, अनेकदा नेमकी नको त्या महिन्यात.

ज्यांना शक्य आहे त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे : घर टप्प्याटप्प्याने उघडणे. निवृत्त जोडपे किंवा गावातच नोकरी असलेले कुटुंब मागच्या दोन खोल्यांत राहते, पुढचा भाग आधी नीट करून भाड्याने देते आणि त्या भाड्यातून मागचा भाग सुधारते. सिमेंटच्या धुळीत, एका मोरीवर वर्षभर संसार करणे कागदावर सोपे दिसते. घरात दम्याचा रुग्ण किंवा तान्हे मूल असेल तर ही काटकसर करू नये. बाकीच्यांनीही काम पावसाळ्यापूर्वी संपेल असाच टप्पा उघडावा.

करार कसा करावा?

११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, नोटरी केली की झाले, हा गैरसमज महाराष्ट्रात फार पक्का आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून मोठा तोटा असा की, वाद झाल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर येतो.

नोंदणी केली असेल तर कलम २४ मालकाच्या मदतीला येते. मुदत संपूनही परवानाधारक घर सोडत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. लेखी करारात जे लिहिले आहे तो निर्णायक पुरावा मानला जातो. आजोबांच्या काळात नव्हते ते हे हत्यार. हा कायदा त्याच्या परिशिष्टांतील शहरांना व गावांना लागू होतो. त्यामुळे लहान खेड्यात घर असेल तर स्थानिक वकिलाला आधी विचारावे.

खर्चही फार नाही. ६० महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. मुदतीतले एकूण भाडे आणि परत करायच्या अनामत रकमेवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ते आकारले जाते. महिना ६,००० भाडे, २०,००० अनामत आणि ११ महिने मुदत असेल तर हे शुल्क २०० रुपयांच्या आत बसते. नोंदणी फी शहरी हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. आधारच्या साहाय्याने घरबसल्या ऑनलाइन नोंदणी होते. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी. घर सोसायटीत असेल तर सोसायटीला कळवावे. ना-वापर शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही.

भाड्यावर कर किती?

मिळालेल्या भाड्यातून मालकाने प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. त्यासाठी पावत्या लागत नाहीत. पण याच कारणाने छपराचे ६०,००० दाखवून वेगळी वजावट मागता येत नाही. दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजाची वजावट मात्र भाड्याने दिलेल्या घराला मिळते, त्यासाठी बँकेचा दाखला जपून ठेवावा. महापालिका हद्दीत घर भाड्याने दिल्यावर घरपट्टी वाढू शकते. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळणारी ४० टक्के सवलत भाड्याने दिलेल्या घराला मिळत नाही. भाडे ठरवण्यापूर्वी हा फरक आपल्या पालिकेत विचारून घ्यावा, करारावर सही झाल्यावर तो भाडेकरूकडून वसूल करता येत नाही.